गळती ऐकणारा माणूस

सोमवार, ३ एप्रिल
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. पुढे कुणी विचारलं की विहीर कशी वाचली, तर पुरावा हवा.

काल बिल्डिंगची मीटिंग झाली. आवारातल्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलंय की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि म्हाताऱ्यासारखा खोकतो. सगळ्या घरांना पाणी तिचंच. सेक्रेटरी म्हणाला, महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नाहीतर विहिरीला लागून खोल बोअर मारू, मशीनवाल्याशी बोलून ठेवलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उभा राहिलो. म्हटलं, पृथ्वीवर पाणी पुष्कळ, पण गोडं पाणी थोडं, आणि त्यातलंही बरंचसं बर्फात अडकलेलं. खोलवरचं जे उरलंय ते पुढच्या पिढ्यांचं. ते उपसून आपण आज फरशा धुणार का? आणि शेजारी बोअर झालं की ही विहीर कायमची गेली म्हणून समजा. विहीर आटलेली नाही. पाणी कुठेतरी गळतंय. ती गळती मी शोधून देतो. मशीन नको, काही नको. कानाने.

शांतता पसरली. हल्ली मी बोललो की शांतता पसरते. वजन आहे शब्दाला.

आता नळ-फरशांचं शोरूम आहे, मुलगा सांभाळतो, पण मी मूळचा प्लंबर. माझ्याकडे एक लोखंडी गज आहे, वरच्या टोकाला लाकडी वाटी. गज जमिनीला टेकवायचा, वाटीला कान लावायचा. खाली पाणी गळत असेल तर सूं असा बारीक आवाज येतो. या गजावर मी संसार उभा केला.

संकल्प : एका बादलीत आंघोळ. दाढी करताना नळ बंद. सुरुवात उद्यापासून, कारण आजची आंघोळ झाली.

बुधवार, ५ एप्रिल
एका बादलीत आंघोळ जमली. नंतर थोडा वेळ शॉवरखाली उभा राहिलो. विचार करायला वाहतं पाणी लागतं. ती आंघोळ धरायची नाही.

दुपारी पाहतो तर बेसिनचा नळ सुरू. किती वेळ, कोण जाणे. घरात आम्ही दोघंच. बायकोला शांतपणे समजावलं की थेंब थेंब मोलाचा असतो. ती ओरडली, अहो, मी सकाळपासून बाहेर होते. विषय पाण्याचा होता, ही कुठे होती याचा नव्हता.

बायको हल्ली सारखी ओरडते. आणि बाकीचं जग पुटपुटतं. सेक्रेटरी पुटपुटतो, मुलगा फोनवर पुटपुटतो, बातम्या देणारे तर ओठ हलवून निघून जातात. नीट मधल्या आवाजात बोलणारं माणूस राहिलेलं नाही.

जाता जाता ती म्हणाली, आपल्या संडासातला फ्लश सूं सूं करतो, जरा बघा. तो फ्लश आमच्या शोरूममधला सर्वांत भारी माल आहे. टाकी भिंतीच्या आत, बाहेर फक्त बटण. मी स्वतः बसवलाय. तिला म्हटलं, भारी मालाचा आवाजच येत नाही, म्हणून तर तो भारी.

शनिवार, ८ एप्रिल
पाहणीला सुरुवात. आवारात विहिरीच्या कट्ट्याजवळ गज टेकवला, कान लावला, आणि पहिल्याच ठिकाणी सूं. बारीक, सलग, न तुटणारा. इतकी वर्षं झाली, पण कान अजून तयार आहे. डोळ्यांत पाणी आलं. खडूने फुली मारली.

वरच्या मजल्यावरच्या पियानोच्या बाई जिन्यातून बघत होत्या. खाली येऊन म्हणाल्या, आवाज मलाही येतो, पण तो इथून नाही. माझ्या खोलीच्या खालून, म्हणजे तुमच्या घरातून वर येतो. माझ्या पियानोतल्या एका पट्टीशी तो बरोबर जुळतो, मुलांना शिकवताना मध्येमध्ये येतो. मी त्यांना दुखवलं नाही. म्हटलं, बाई, सूर वेगळा आणि गळती वेगळी. तुम्ही काळ्या-पांढऱ्यातल्या, मी लोखंडातला.

उद्या खणायचं.

रविवार, ९ एप्रिल
खणलं. कमरेइतका खड्डा. माती कोरडी ठणठणीत. एक जुनी चप्पल निघाली.

सेक्रेटरीने विचारलं, काका, पाणी कुठाय? त्याला समजावलं की आवाज जमिनीखाली प्रवास करतो. उगम एकीकडे, आवाज दुसरीकडे. तो काहीतरी पुटपुटला आणि चप्पल घेऊन गेला. चप्पल त्याची होती म्हणे.

बुधवार, १२ एप्रिल
उगम सापडला. तळमजल्यावरचा दंतवैद्य.

मला आधीपासून संशय होता. त्याच्या खुर्चीशेजारी ते छोटं बेसिन, त्यात दिवसभर धार. पेशंट थुंकतो, धार चालू. पेशंट रडतो, धार चालू. आज गज घेऊनच गेलो. फरशीला टेकवला. सूं, अगदी स्पष्ट. तो म्हणाला, काका, ते माझं लाळ ओढायचं मशीन आहे. म्हटलं बंद करा. त्याने बंद केलं. तरीही सूं. म्हटलं, आता बोला.

तो म्हणाला, मला काही ऐकू येत नाही. बिचारा. दिवसभर दाताच्या ड्रिलजवळ डोकं. या धंद्यात कान लवकर जातात. त्याने वेळेवर दाखवून घ्यावं असं मी त्याला सुचवलं. खुर्चीत आ वासून बसलेला पेशंटही हसला. बहुतेक दुखत नसावं.

शनिवार, १५ एप्रिल
दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या फरशा उचकटल्या. मी आधी सांगितलं होतं की चारच उचकटाव्या लागतील. आवाज सरकत गेला, तशा फरशाही वाढल्या. खाली सिमेंट. कोरडं.

दंतवैद्य दात आवळून बोलला. व्यवसायाला शोभत नाही.

नव्या फरशा आमच्या शोरूममधून देतो म्हटलं. मुलाला कळवलं. फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. लाईन खराब.

रविवार, १६ एप्रिल
दाराची बेल परत बदलली. तिसरी. आजकालच्या बेलांमध्ये जीव नाही. मुलगा म्हणे अर्धा तास बाहेर उभा होता, शेवटी पियानोच्या बाईंनी वरून आवारात गेलेल्या बायकोला हाक मारली.

मुलगा गळती शोधायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन आला होता. कानाला हेडफोन लावायचे, आवाज हवा तेवढा मोठा करायचा. म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. तो बायकोकडे बघायला लागला, बायको छताकडे.

मग म्हणाला, बाबा, एकदा कान दाखवून येऊ. म्हटलं, ज्याला बघायचेत त्याने इथे यावं.

जाताना म्हणाला, तो फ्लश तरी उघडून बघू का, आई म्हणते त्यातून आवाज येतो, आतला रबरी वॉशर गेला असेल, खिशातच आहे माझ्या. मी जागेवरून उठलो. म्हटलं, माझ्या हाताखाली शिकलास आणि माझंच काम उघडून बघणार? तसं मी स्वतः गज लावून ऐकलं होतं. आवाज येतो, नाही असं नाही. पण तोच, आवारातला. खांबातून वर चढतो. वॉशर खिशात तसाच घेऊन तो गेला.

बुधवार, १९ एप्रिल
आज जे कळलं ते आधी इथे लिहून ठेवतो.

सकाळी न्हाव्याकडे गेलो. खुर्चीत बसलो, मान मागे टेकली, आणि सूं. न्हाव्याच्या दुकानात गळती. त्याला सांगितलं. तो म्हणाला, इथे नळच नाही, मी बादलीने आणतो. म्हणजे जमिनीखालून. तिथून शोरूममध्ये. सूं. बागेतल्या बाकावर बसलो. सूं. झाडाला गज लावला. झाडातही.

म्हणजे प्रश्न बिल्डिंगचा नाहीच. सगळं गाव गळतंय.

तडक पाणीखात्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, तुमच्या पायाखालून पाणी चाललंय आणि तुम्ही शिक्के मारताय. त्याने विचारलं, कुठे? मी त्याच्या टेबलाला गज लावला, ऐकलं आणि म्हटलं, इथे सुद्धा. त्याने मला बसवलं, पंखा वाढवला, प्यायला पाणी दिलं. भला माणूस. घरून कुणी सोबत आलंय का, हेही विचारलं. एवढ्या मोठ्या माणसाबरोबर कुणीतरी असणारच असं त्याला वाटलं असावं.

शनिवार, २२ एप्रिल
उशीवर डोकं ठेवलं की सूं. दोन्ही कानांनी. उशीखाली पाईप नाही, हे मलाही समजतं. तेव्हा आवाज याहून खोलचा आहे.

निष्कर्ष : गळती गावापुरती नाही. पृथ्वीच्या पोटातलं गोडं पाणी सगळीकडून निसटतंय, आणि ते ऐकू येणारा सध्या तरी मी एकटा दिसतो. हे एकटेपण कुणाला सांगणार. बायकोला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि ओरडली, अहो, तो फ्लश बघा.

जगाचं पाणी चाललंय आणि हिचं घोडं संडासाच्या दारात अडलंय.

पण तिने एक गोष्ट कामाची सांगितली. म्हणाली, कमोडातलं पाणी सारखं थरथरतं. जाऊन पाहिलं. खरंच, बारीक लाटा उठतात, एक क्षण थांबत नाही. म्हणजे त्या मोठ्या गळतीची कंपनं आपल्या घरापर्यंत पोचली. पुरावा. त्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणून सांगितलं. बटणावर चिकटपट्टी लावली. बायको आता वरती बाईंकडे जाते.

बुधवार, २६ एप्रिल
विहिरीत बादली टाकली तर चिखल आला. आता पाणी फक्त सकाळी, थोडा वेळ. त्यात भरून घ्यायचं. वरच्या टाकीत काही ठरत नाही. भरली की दुपारपर्यंत रिकामी. लोक जिन्यात बादल्या घेऊन उभे असतात आणि मी दिसलो की एकमेकांच्या बादल्यांत बघतात.

दंतवैद्याने दवाखाना बंद ठेवलाय. चूळ भरायलाच पाणी नाही. पियानोच्या बाई बादली घेऊन चढताना मध्येच थांबल्या, भिंतीला टेकल्या. बायको दोन्ही हातांत बादल्या घेऊन त्यांच्यामागून गेली. मी धावणारच होतो, पण गुडघा.

सेक्रेटरी भेटला. पुटपुटला नाही, चक्क ओरडला. काका, मशीन शनिवारी येतंय. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी तुझ्या हातात गळती ठेवतो. मनातून जरा हललो. विहीर गेली तर मी बोललेलं सगळं वाया. आणि बोअर एकदा झालं की परत बुजवत नाही कुणी.

संकल्प : उद्या पहाटे उठून शेवटची पाहणी.

शुक्रवार, २८ एप्रिल
काल पहाटे उठलो नाही. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते शेजारचे उठले. गजर खराब.

आज पाहणी केली. सगळीकडे सूं. इतका सारखा की कुठे फुली मारावी कळेना. खडू संपला. कान थकलेत. उद्या सकाळी कानांना संपूर्ण विश्रांती द्यायची, दोन्ही कानांत कापूस घालून. मग दुपारी एकदाच, ताज्या कानांनी, निकाल.

शनिवार, २९ एप्रिल, सकाळ
कापूस घातला. आश्चर्य म्हणजे गळती आणखीच स्पष्ट झाली. याला म्हणतात तयार कान. बंद केला तरी ड्यूटीवर.

बाकी सगळं कसं शांत आहे. मशीन आलेलं नाही. यायचंच नव्हतं. माझ्या शब्दाचा मान राखला त्यांनी.

टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात वर्तुळं उठताहेत. खिडकीची काच हलते. खुर्ची सुद्धा. गळती फुटण्याच्या बेतात असावी. खाली आवारात सगळे जमलेत आणि वर माझ्याकडे हात करताहेत. मीही केला. बोलावताहेत बहुतेक, दोन शब्द बोला म्हणून. शर्ट बदलतो.

बायको आली. तिने कापूस ओढून

शनिवार, संध्याकाळ
मशीन होतं.

अख्खा ट्रक आवारात. कापूस निघाल्यावर तो आवाज डोक्यात शिरला तेव्हा मी भिंत धरली. विहिरीच्या कट्ट्याशेजारी मशीनचा लोखंडी खांब उभा केलेला, जमीन फोडायला सुरुवात झालेली. मी जिना उतरलो. गुडघ्याचं लक्षात आलं नाही. गज घेऊन सरळ खांबासमोर जाऊन उभा राहिलो.

मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. म्हणाला, मामा, बाजूला व्हा. म्हटलं, या विहिरीचं पाणी प्यायलाय का कधी? तो म्हणाला, मामा, मी पाणी काढतो, पीत बसलो तर काम कोण करणार. सेक्रेटरी म्हणाला, काका, महिना मागितलात, दिला. आवार खणलंत, त्यांच्या फरशा गेल्या. अजून काय देऊ? मी गज आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात पियानोच्या बाईंनी बोट वर केलं. म्हणाल्या, इंजिन थांबलंय, आता ऐका. सगळे गप्प. बाई जिन्याकडे निघाल्या, मान थोडी कलती. मागून सेक्रेटरी, दंतवैद्य, मशीनवाला, बादल्या घेतलेली माणसं. बाई आमच्या दारात शिरल्या. बैठक ओलांडली, झोपायची खोली ओलांडली, संडासासमोर उभ्या राहिल्या. चिकटपट्टी लावलेल्या बटणाकडे बोट केलं. म्हणाल्या, हा. हाच तो सूर.

बायको म्हणाली, ओरडून ओरडून माझा घसा गेला.

मुलाला कुणी बोलावलं माहीत नाही, तो आलाच होता. वॉशर अजून खिशात. बटणाचं झाकण काढलं, टाकीत हात घातला आणि एक काळा, वाकडा, फाटका रबराचा तुकडा बाहेर काढला. बाटलीच्या झाकणाएवढा. आमच्याच शोरूमचा. टाकीत पाणी येत होतं आणि तसंच कमोडातून खाली जात होतं. दिवसरात्र. सेक्रेटरी म्हणाला, एवढासा रबर अख्खी विहीर पितो? मशीनवाला म्हणाला, साहेब, नळ उघडा ठेवून महिनाभर गावाला गेलात तर काय होईल? तेच झालंय. मी बोअर मारलं असतं तर हा तेही प्यायला असता.

नवा वॉशर बसला. कमोडातलं पाणी हळूहळू स्थिर झालं. त्यात माझा चेहरा दिसला. मागे सगळ्यांचे.

बाई म्हणाल्या, थांबला. सगळ्यांनी ऐकलं. दंतवैद्याने मान डोलावली.

मी म्हटलं, गळती आहे असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. मशीनवाल्याने खांब आडवा केला आणि ट्रक मागे घेतला.

एक गोष्ट मात्र मी तिथे सांगितली नाही. मला अजून ऐकू येतोय. सूं.

बुधवार, ३ मे
विहिरीत पाणी चढतंय. पंप खोकायचा थांबला, असं सगळे म्हणतात. दवाखाना उघडला. बाईंनी आज खिडकी उघडी ठेवून पियानो वाजवला, बायको त्याच तालावर भांडी घासत होती असं मुलगा म्हणाला. मला फक्त भांड्यांवर हलणारी तिची बोटं दिसली.

आणि सूं तसाच. म्हणजे दुसरी गळती. आता नवा खडू आणायला हवा. बायकोने माझं पाकीट लपवलं आणि मुलाला फोन केला.

गुरुवार, ४ मे
कानाच्या डॉक्टरकडे. बायको आणि मुलगा सोबत. फक्त त्यांचं समाधान व्हावं म्हणून.

एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना जाड गाद्या, दार फ्रीजसारखं बंद होणारं. डॉक्टर काचेपलीकडे. त्याने पाटीवर लिहून दाखवलं : काय ऐकू येतंय? मी बारकाईने ऐकलं. मग त्याला खुणेने आत बोलावून हळूच सांगितलं, म्हणजे बाहेर बसलेल्या पेशंटना उगाच काळजी नको. म्हटलं, डॉक्टर, तुमच्या इथेही गळती आहे. या भिंतीत.

त्याने दार पुन्हा लावून घेतलं. मग माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, काका, या खोलीत बाहेरचा कुठलाच आवाज येत नाही. ती त्यासाठीच बांधलीय. जो येतोय तो तुमच्या कानाच्या आतला आहे.

मी विचारलं, वॉशर बदलता येईल का? त्याने नकारार्थी मान हलवली. म्हणाला, हा राहणार. सवय करून घ्यायची. बाकीचं ऐकू यावं म्हणून यंत्र देतो. कधीपासून आहे? मी म्हटलं, गेल्या महिन्यापासून. बायको म्हणाली, दोन वर्षं झाली.

बोलता बोलता डॉक्टरने यंत्र माझ्या कानात बसवलं होतं. ती हे ओरडून म्हणाली नव्हती. अगदी बारीक आवाजात. मला आठवेना, तिचा आवाज असा शेवटचा कधी ऐकला होता.

शनिवार, ६ मे
सकाळी दाराची बेल वाजली. खुर्चीतून पडलो. इतकी मोठी बेल माणसांच्या घरात कुणी लावतं का. काढायला सांगितली.

गज माळ्यावर ठेवला. पुसून.

संकल्प : एका बादलीत आंघोळ. शॉवरखालची आंघोळही धरायची.

दाढी झाल्यावर बराच वेळ बेसिनजवळ उभा होतो. यंत्र काढलेलं होतं. सूं येत होता. हा कानातला की नळातला, ते कळेना. नळ घट्ट पिळला, तरी सूं. परत पिळला. शेवटी बायकोला हाक मारली. ती आली, नळाखाली हात धरला, कोरडा हात मला दाखवला.

नळ बंद आहे. तिने सांगितलं म्हणून लिहितो.